पाटीवर नुसते ‘पोलाद, १८ वे शतक’ लिहू नका

प्रति,
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई,
तसेच राज्यातल्या सरकारी आणि खासगी वस्तुसंग्रहालयांचे सर्व अभिरक्षक

विषय : शस्त्रदालनांतल्या माहितीपाट्यांबाबत

सप्रेम नमस्कार.

‘सेनासाहेबसुभा’ हा किताब असलेले रघुजी भोसले (पहिले) यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोथबीज लिलावघरात विक्रीला निघाली आणि शासनाने ४७ लाख १५ हजार रुपये मोजून ती घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत उतरली. ज्या शहरात रघुजींची गादी होती त्या नागपूरचा एक रहिवासी म्हणून आधी आपले मनापासून आभार मानतो. लिलावाची जाहिरात आणि बोली यांच्यात फारसे दिवस नसतात. सरकारी फाइल एवढ्या थोड्या वेळात हलली, हे खरोखर कौतुकाचे आहे.

आता त्या तलवारीखाली जी पाटी लागेल तिच्याबद्दल मला बोलायचे आहे. मी इतिहास शिकवत आलो. मुलांना घेऊन महाराष्ट्रातली बरीच शस्त्रदालने पाहिली. बहुतेक ठिकाणी काचेच्या पेटीत दहा-बारा तलवारी ओळीने लावलेल्या असतात आणि खाली एकच पाटी असते : ‘तलवारी, पोलाद, १८ वे शतक’. कुठे ‘मराठा शैली’ एवढी भर. एका दालनात एका मुलीने मला विचारले, “सर, ही कुणाची होती? त्याने ती कुणावर चालवली?” पाटीवर उत्तर नव्हते आणि पहारेकऱ्याकडेही नव्हते. कुणी हातात धरली, त्याला पगार कोण देत होते, तो कुठल्या मोहिमेवर गेला, समोर कोण होते, हे सगळे गाळले की तलवार दागिन्यांच्या दुकानात ठेवल्यासारखी होते. लढाईचा इतिहास तिच्यातून निघून जातो.

रघुजींच्या तलवारीच्या बाबतीत तसे होऊ नये. कारण ही तलवार स्वतःच बरेच काही सांगते. पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे. पाठीवर सोन्याने देवनागरी अक्षरे : ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याची नक्षी, आणि पकडीला हिरवे कापड गुंडाळलेले. एवढ्या एका वस्तूत किती लोकांचे हात लागले असतील, ते पाहा. पाते युरोपातल्या कुठल्यातरी लोहाराने ठोकले. जहाजातून ते पश्चिम किनाऱ्यावर उतरले. अशी पाती पोर्तुगीज आणि इतर फिरंगी व्यापाऱ्यांकडून इकडे येत आणि मराठी घोडेस्वार ती पसंत करत, कारण लांब आणि सरळ पात्याने घोड्यावरून भोसकताही येते आणि वारही करता येतो. मूठ मात्र इथलीच हवी. युरोपीय मूठ आपल्या पकडीला बसत नाही. मग कारागिराने पात्याचा दांडा मुठीत घालून, लाख वितळवून ओतून तो घट्ट केला. कोफ्तगराने पोलादाच्या पृष्ठभागावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून तो खरखरीत केला, त्यावर सोन्याची तार ठेवून हातोडीने ठोकली आणि मग घोटून गुळगुळीत केली. त्या खरखरीतपणात सोने धरून बसते. आज जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी ती अक्षरे वाचता येतात ती त्या हाताच्या कसबामुळे. मुल्हेर म्हणजे बागलाणातला, आजच्या नाशिक जिल्ह्यातला किल्ला. म्हणजे युरोप, कोकण किनारा, बागलाण आणि नागपूर एका तलवारीत. पाटीवर निदान एवढे तरी यायला हवे.

पण हा झाला तलवारीच्या घडणीचा भाग. मला जास्त कळकळीने सांगायचे आहे ते पुढचे.

रघुजींचे नाव घेतले की आपल्याकडे लगेच म्हणतात, मराठ्यांचा झेंडा बंगालपर्यंत नेला. ते खरे आहे. १७४२ साली त्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये शिरले. बर्दवानजवळ नवाब अलिवर्दी खानाला कोंडीत धरले. मीर हबीब या सरदाराने मुर्शिदाबाद गाठून जगतशेठांची कोठी लुटली. त्या वर्षी भास्करपंतांनी कटव्याला दुर्गापूजा मांडली होती, आणि त्याच सुमारास अलिवर्दीने नदी ओलांडून अचानक हल्ला केला. १७४४ मध्ये वाटाघाटीच्या निमित्ताने तंबूत बोलावून अलिवर्दीने भास्करपंतांना दग्याने मारले. त्यांच्यासोबतचे वीसएक सरदार तिथेच कापले गेले. रघुजी हटले नाहीत. १७५१ साली तह झाला, ओरिसाचा ताबा मिळाला आणि बंगालची चौथ म्हणून दरसाल बारा लाख रुपये ठरले. हा पराक्रम आहे, आणि तो अभिमानाने सांगावा.

पण या दहा वर्षांत बंगालच्या खेड्यांवर काय गुजरले, तेही त्याच पाटीवर आले पाहिजे. सरकारी घोड्यावर, सरकारी हत्यार घेऊन लढणारा स्वार म्हणजे बारगीर. बंगालमध्ये ‘बर्गी’ हा शब्द आजही लहान मुलांना झोपवताना अंगाईत येतो, आणि तो भीती घालायला येतो. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात लिहिलेल्या काव्यात जाळलेली गावे, बायकांवरचे अत्याचार आणि पळणारी माणसे यांचे वर्णन आहे. कलकत्त्याच्या इंग्रजांनी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचे नावच ‘मराठा खंदक’ पडले. विणकर, व्यापारी, शेतकरी गंगेच्या पूर्वेला पळाले. आपल्या पाठ्यपुस्तकांतून हे जवळजवळ गाळलेले असते. बंगालमध्ये मात्र इतिहास विषय न घेतलेल्या माणसालाही ते ठाऊक असते.

हे लिहिले की काही लोक रागावतील, हे मला माहीत आहे. नागपुरातलेच माझे काही जुने विद्यार्थी रागावतील. त्यांना मी एवढेच म्हणेन की रघुजी थोर सेनानी होते, हे मी अर्धे आयुष्य शिकवले. पण त्यांची फौज कशावर चालत होती, हे समजून घेतल्याशिवाय ते थोरपण कळत नाही. त्या काळच्या मराठी फौजेला छत्रपतींच्या खजिन्यातून महिन्याच्या महिन्याला पगार येत नव्हता. सरदाराला मुलूख नेमून दिलेला असे. तिथली चौथ-सरदेशमुखी वसूल करून त्यानेच फौज पोसायची. वसुली थांबली की शिलेदारांची देणी थकत, घोडे उपाशी मरत, माणसे सोडून जात. म्हणजे मोहीम आणि वसुली या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. बंगालची लूट कुणा एकाच्या क्रौर्यातून आली नाही, ती या हिशेबातून आली. आणि याच हिशेबामुळे १७४३ मध्ये खुद्द पेशवा बाळाजी बाजीराव अलिवर्दीच्या बाजूने रघुजींविरुद्ध बंगालमध्ये उतरले. शेवटी शाहू महाराजांना मध्यस्थी करून दोघांची कार्यक्षेत्रे वाटून द्यावी लागली. एवढे सगळे पाटीवर मावत नाही, हे मान्य. पण दोन वाक्यांत सांगता येते, आणि शेजारी बंगालच्या नकाशावर १७४२ ते १७५१ च्या वाटा दाखवता येतात. शिवाय या पाटीचा मसुदा एखाद्या बंगाली अभ्यासकाला दाखवावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

शत्रूकडची साक्ष घेतल्याने आपला माणूस लहान होत नाही. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पडले. वय २१. रणगाडा पेटला होता, मागे येण्याचा हुकूम वायरलेसवर आला होता, पण आपली तोफ अजून चालते आहे, असे सांगून ते तिथेच लढत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ‘फामागुस्ता’ नावाचा त्यांचा सेंच्युरियन रणगाडा अहिल्यानगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे. त्यांचे वडील ब्रिगेडियर खेत्रपाल २००१ मध्ये पाकिस्तानात गेले, तेव्हा ज्यांच्या घरी उतरले त्या ब्रिगेडियर नासर यांनीच त्यांना सांगितले की, तुमच्या मुलाचा शेवटचा सामना माझ्याशी झाला होता, आणि त्याच्या शौर्याला मी सलाम करतो. समोरच्याचे शब्द मिळाले म्हणून अरुण खेत्रपालांची गोष्ट उणी झाली का? उलट तिच्याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही. नगरला लष्कराने १९९४ मध्ये उघडलेले कॅव्हलरी टँक म्युझियम ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी मुलांना घेऊन जरूर जावे. पाकिस्तानकडून जिंकून आणलेले पॅटन रणगाडे तिथे हाताला लागतील इतक्या जवळ उभे आहेत. त्या पोलादाची जाडी पाहिली की १९६५ मध्ये आपल्या जवानांनी कशाला तोंड दिले, ते व्याख्यान न देता कळते.

रघुजींच्या तलवारीची गोष्ट १७५५ मध्ये त्यांच्या मृत्यूबरोबर संपत नाही. त्यांचे नातू दुसरे रघुजी २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांसोबत असईला होते. असई म्हणजे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले छोटे गाव. दोन नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या फौजेवर चालून आला. शिंद्यांच्या तोफांनी त्याची दाणादाण उडवली. इंग्रजांची पंधराशेच्या वर माणसे मेली किंवा जखमी झाली. त्यांची पायदळाची ओळ तोफांवरून पुढे गेली तेव्हा तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिलेले काही गोलंदाज पुन्हा उठले, तोफा फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला. पळून जायला वाट मोकळी होती. तरी ते तोफेपाशी थांबले. अखेर ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्या तोफा परक्या नव्हत्या. शिंद्यांचे तोफा ओतण्याचे कारखाने आग्रा-मथुरेकडे होते आणि तिथला माल युरोपीय तोफांच्या तोडीचा होता.

इंग्रजांनी या लढाईची आठवण कशी ठेवली? लढलेल्या पलटणींना निशाणावर हत्ती आणि ‘असई’ हे नाव मिरवायचा मान दिला. आपल्या मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हावर तो हत्ती आजही आहे. गोलंदाजांची आठवण आपण कशी ठेवली? एका गोलंदाजाचेही नाव आपल्या कुठल्या संग्रहालयात ठळकपणे दिसत नाही. नावे सापडणार नसतील तर निदान त्या दिवशी काय घडले ते लिहा. एखादी त्या काळची तोफ असेल तर तिच्याशेजारी गज, दारूची पिशवी, तोंड पुसायचा ओला बोळा आणि बत्ती ठेवा, तोफ एकदा उडवायला किती माणसे लागत ते चित्राने दाखवा. मग ‘तोफ, पंचधातू’ या पाटीसमोर दोन सेकंद थांबणारा मुलगा दहा मिनिटे थांबेल.

असईनंतर अडगाव, मग गाविलगड, आणि डिसेंबर १८०३ मध्ये देवगावचा तह. त्या तहात नागपूरकरांनी कटक प्रांत इंग्रजांना दिला. आजोबांनी १७५१ मध्ये जे मिळवले, ते नातवाच्या हातून ५२ वर्षांनी गेले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली. तलवार त्या पराभवानंतर इंग्रजांच्या हाती लागली असावी, असा अंदाज शासनाने मांडला होता. तो अंदाज आहे, हे पाटीवर स्पष्ट लिहा. कारण आणखी एक वाट आहे. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले, आणि भोसल्यांच्या वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात विकले, जवाहीर कलकत्त्याला रवाना केले. राजघराण्यातल्या बायका वाड्यात असताना हे झाले. नागपुरात ही सल पिढ्यानपिढ्या बोलली गेली. आपली तलवार या दोनांपैकी कुठल्या वाटेने गेली, की भेट म्हणून कुणा साहेबाला दिली, हे कागदांतून शोधण्याचे काम एखाद्या संशोधकाला रीतसर मानधन देऊन सोपवावे.

अंदाज आणि पुरावा यांतला फरक वाघनखांच्या वेळी आपण नीट सांगितला नाही, असे मला वाटते. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून तीन वर्षांच्या मुदतीने ती साताऱ्याला आली. लोकांनी रांगा लावल्या, अनेकांचे डोळे भरून आले. त्या भावनेबद्दल मला आदर आहे, माझीही तीच अवस्था झाली असती. पण त्या संग्रहालयाने स्वतःच सांगितले आहे की ही वाघनखे शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत हे सिद्ध करता येत नाही. ती ज्या पेटीत होती तिच्यावरचा इंग्रजी मजकूर म्हणतो की याने शिवाजीने मुघल सेनापतीला मारले, आणि ही वस्तू पेशव्यांच्या प्रधानाने साताऱ्याचे रेसिडेंट ग्रँट डफ यांना दिली. अफझलखान मुघलांचा नव्हता, आदिलशाहीचा होता. १६५९ आणि ग्रँट डफ यांच्यात दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. हा मजकूर मराठीत जसाच्या तसा लावून ‘यात चूक काय आहे ते शोधा’ असे शाळकरी मुलांना सांगितले असते, तर प्रतापगडाचा प्रसंग त्यांच्या मनात आणखी पक्का बसला असता. महाराजांचे मोठेपण एका लोखंडी नखांच्या जोडीवर उभे नाही. चिपळूणच्या छावणीत त्यांनी लष्कराला लिहिलेले पत्र काढून पाहा. दाणा-वैरण जपून वापरा, पावसाळ्याआधी संपवू नका, रयतेला त्रास देऊ नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इतक्या बारकाईने राजा लिहितो. त्या पत्राची मोठी प्रत शस्त्रदालनात तलवारीच्या बरोबरीने लावायला हवी. फौज कशी चालवावी हे त्या पत्रातून जेवढे कळते तेवढे शंभर तलवारींतून कळणार नाही.

साध्या वस्तूंकडेही लक्ष द्या, ही आणखी एक विनंती. तोडेदार बंदूक भिंतीवर टांगलेली असते, पण तिचा जळता तोडा, रंजकदाणी, गोळ्यांची पिशवी कुठे दिसत नाही. पावसात तोडा विझतो, रंजक भिजते. मोहिमा दसऱ्याला का निघत याचे उत्तर त्यात आहे. चिलखताच्या कड्या मोजून दाखवल्या जातात, ते घालून वैशाखात घोड्यावर बसणाऱ्या माणसाचे काय होत असेल याबद्दल अवाक्षर नसते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. घोडा मेला तर तो कर्जात बुडे. त्याची तलवार आणि सरदाराची सोन्याने मढवलेली तलवार एकाच पेटीत शेजारी ठेवा आणि हा फरक लिहा.

आणि जे संग्रहालयात आलेच नाही, त्याचे काय? बोरिवलीच्या एक्सर गावातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, शिलाहारकालीन आरमारी लढाई दाखवतात, वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे कोरलेली आहेत. मुंबईतल्या कितीजणांनी ते पाहिले असतील? गावोगावचे वीरगळ देवळामागे, शेतात, कुठे शेंदूर फासून, कुठे उलटे पडून आहेत. साताऱ्याजवळ अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचे स्मारक आहे. या गावाला लोक आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. अशाच संगमरवरी फरश्या राज्यात इतरत्रही चावडीवर, शाळेच्या भिंतीत आहेत, अमुक गावातून इतके महायुद्धात गेले, इतके मेले. मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात उपाशी राहिलेल्या मराठा पलटणीतली पोरे याच गावांतली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून तिथेच पडलेले नाईक यशवंत घाडगे माणगावकडचे. या घरांत पदके आहेत, पोस्टकार्डे आहेत, पेन्शनची पुस्तके आहेत. घरातले म्हातारे माणूस गेले की ती भंगारात जातात. जिल्हा संग्रहालयांनी एक दिवस ठरवून लोकांना ‘तुमच्या घरातले लष्करी सामान दाखवायला आणा’ असे बोलवावे. वस्तू त्यांचीच राहू दे. फोटो काढा, कुणाचे, कुठल्या पलटणीतले, ते त्यांच्याच शब्दांत नोंदवून घ्या. याला खर्च फारसा नाही, माणसे मात्र हवीत, आणि अनेक ठिकाणी अभिरक्षकाची पदे रिकामी आहेत. ती आधी भरा.

रघुजींच्या तलवारीची पाटी मराठीत, मोठ्या अक्षरात, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी. तिचा मसुदा तयार झाला की ती पितळेवर कोरण्याआधी जाहीर करा. नागपुरातल्या शाळांना, भोसले घराण्याला, आणि शक्य झाले तर कटवा-बर्दवानकडच्या एखाद्या महाविद्यालयाला तो पाठवा. माझ्याकडून सूचना आठ दिवसांत लेखी मिळतील.

आपला विश्वासू,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक
नागपूर